तीनपैकी दोन नीट करा

गेल्या अंकात मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशाचा मी ओझरता उल्लेख केला होता. तिथे एकाच दिवसात माया संस्कृतीचे अवशेष, झिपलाइन आणि गुहेतलं कयाकिंग करता येतं, एवढंच लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची मुलगी ह्यूस्टनला असते. मार्चमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत आणि तिथून सगळे मिळून चार दिवस बेलीझला. मुक्काम सान इग्नासिओ गावात. जावयांनी एका दिवसाचं पॅकेज काढलंय : सकाळी पिरॅमिड, मग झिपलाइन, मग गुहेत कयाक. मी ६४ वर्षांची, हे ६९. यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. मला पोहता येत नाही. नातू नऊ वर्षांचा आहे, तो झिपलाइनशिवाय दुसरं काही बोलतच नाही. आम्ही जावं, का त्या दिवशी हॉटेलवर बसावं?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : हॉटेलवर बसायला इतक्या लांब कशाला जायचं? जा. पण तुम्ही दोघांनी तीनपैकी दोनच गोष्टी करा, पिरॅमिड आणि गुहा. झिपलाइन जावई आणि नातवावर सोपवा.

झिपलाइन आता लोणावळ्याच्या आसपासही आहे. तारेला लटकून झाडांवरून जायचं, हा अनुभव इथला आणि तिथला फार वेगळा नाही. जिच्यातून नदी वाहते अशी चुनखडीची गुहा मात्र सह्याद्रीत कुठेच नाही. म्हणून काही सोडायचंच असेल तर जे घराजवळ मिळतं ते सोडावं.

दुसरं कारण तुमच्या यजमानांचा गुडघा. झिपलाइनमध्ये बसूनच जायचं असतं, मग गुडघ्याला कसला त्रास, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात एक तार संपली की दुसऱ्या तारेपर्यंत चालायचं, चढायचं, लाकडी जिन्याने मचाणावर जायचं. अशा पाच-सहा तारा असतात. शेवटी थांबताना झटका बसतो, तेव्हा पाय उचलून घ्यावे लागतात. पाठीचा किंवा हाडं ठिसूळ होण्याचा त्रास असेल तर तो झटका नको. गुहेत याच्या उलट. एकदा नावेत नीट बसलात की तास-दीड तास गुडघ्याला काही काम नाही. कठीण असतं ते चढणं-उतरणं, आणि तिथे हात धरायला गाईड असतो.

आता दिवस कसा जातो ते सांगते. पिरॅमिड म्हणजे बहुतेक शुनानतुनिच या जुन्या माया शहरातला. सान इग्नासिओपासून ग्वाटेमालाच्या सीमेकडे जाताना सान होसे सुकोत्झ हे गाव लागतं, तिथे मोपान नदी ओलांडायची. मी गेले तेव्हा हाताने चाक फिरवून चालणारा तराफा होता. गाडीसकट आपण त्यावर उभं राहायचं आणि एक माणूस शांतपणे हँडल फिरवत आपल्याला पलीकडे नेतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ‘मी फिरवू का?’ म्हणून ते हँडल हातात घेतलं. अर्ध्या नदीत त्यांना कळलं की त्या माणसाचे दंड तसे का आहेत.

पलीकडे गेल्यावर साधारण दीड किलोमीटरचा चढ आहे, तो गाडीनेच जा. वरचा मुख्य पिरॅमिड, एल कास्तियो, सुमारे ४० मीटर उंच आहे. पायऱ्या उंच, अरुंद आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याविना. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे दम न लागता चढत असतील तरी ती तयारी इथे पुरेशी धरू नका. पर्वतीची पायरी रुंद आहे, इथे प्रत्येक पायरीला गुडघा वर आणावा लागतो. आणि खरी परीक्षा उतरताना. यांना अर्ध्यावरच्या सज्जापर्यंत जाऊ द्या. पाहण्यासारखं तिथेच आहे. पिरॅमिडच्या अंगावर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेला देवदेवतांचा आणि आकाशातल्या चिन्हांचा पट्टा आहे. समोर दिसते ती त्याची फायबरग्लासमधली प्रतिकृती आहे. मूळ काम तिच्यामागे झाकून सुरक्षित ठेवलंय. गाईड हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारा. अगदी माथ्यावर गेलात तर ग्वाटेमाला दिसतो. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडवर आता कुणालाच चढू देत नाहीत, म्हणून इथे चढायला मिळणं ही चैनच समजा.

बांधणाऱ्यांकडे धातूची हत्यारं नव्हती, ओझी वाहणारी जनावरं नव्हती, गाड्यांना चाक नव्हतं. गारगोटीसारख्या दगडाची आणि ज्वालामुखीच्या काचेची पाती, आणि माणसांची पाठ. चुनखडी भाजून चुना करायचा तर लाकूडही रग्गड लागतं. समोरचं जंगल तेव्हा इतकं दाट नसणार, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

गुहा मात्र दुपारी ठेवा. मार्चमध्ये तिथे कोरडा हंगाम असतो आणि दुपारचं ऊन आपल्या एप्रिलसारखं भाजतं. गुहेत गारवा मिळतो. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून पुढे जाणाऱ्यांनी उलट करावं, गुहा सकाळी आणि अवशेष नंतर. दुपारच्या पावसाने नदी चढली की पाणी आणि छत यांच्यातली जागा कमी होते आणि गुहा बंद करतात. अशा वेळी पैशांसाठी हुज्जत घालू नये.

त्या भागातली नावेने जायची प्रसिद्ध गुहा म्हणजे बार्टन क्रीक. रस्ता कच्चा आहे आणि वाटेत मेनोनाइट शेतकऱ्यांची वस्ती लागते. जुन्या पद्धतीने साधं राहणारा हा एक ख्रिस्ती पंथ. घोडागाडी, गोल हॅट, गॅलिस लावलेली मुलं. नातवाला आधी सांगून ठेवा, त्यांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. गुहेच्या तोंडाशी हिरवट पाण्याचा डोह आहे. तिथून नाव आत सरकते आणि शे-दोनशे मीटरवर दिवसाचा उजेड संपतो. पुढे डोक्यावरच्या दिव्यावर चालायचं. बऱ्याच ठिकाणी छत देवळाच्या गाभाऱ्यासारखं उंच आहे, पण मधेच ते इतकं खाली येतं की नावेत आडवं व्हावं लागतं. मला तिथलं सगळ्यात आवडलं ते म्हणजे गाईडने वल्हं थांबवून दिवा वरच्या कपारीकडे धरला तो क्षण. कपारीत मातीची भांडी होती, तिथेच ठेवलेली, हजारेक वर्षांपूर्वी. आणि एका बाजूला माणसाची कवटी. माया लोकांसाठी गुहा म्हणजे शिबाल्बाचं, पाताळलोकाचं दार. पाऊस देणारे देवही तिथलेच. दुष्काळ पडला की लोक मशाली घेऊन आत जात आणि नैवेद्य ठेवत. पिरॅमिडवर राजाचा थाट दिसतो. त्या राजाला भीती कशाची होती, ते गुहेत कळतं.

म्हणून दोन्ही एकाच दिवशी पाहण्यात अर्थ आहे. मधे तास-दोन तास तारेवर लटकून आलं की डोकं वेगळ्याच ठिकाणी असतं. हे माझं मत. जावई वाद घालतील, घालू द्या.

पोहता येत नाही याची काळजी नको. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट सक्तीचं असतं, पाणी संथ असतं, मागे गाईड वल्हवतो. बुकिंग करताना दोन गोष्टी मात्र मागून घ्या. एक, कयाकऐवजी बसायला फळी असलेली कनू. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसावं लागतं, यांचा गुडघा तासाभराने बोलायला लागेल. दोन, परवाना असलेला गाईड, आणि एका गाईडमागे फार नावा नकोत. यांना कधी एमआरआय काढताना घाबरायला झालं होतं का, हेही विचारा. झालं असेल तर गाईडला आधी सांगा, तो सखल भागाच्या अलीकडून नाव वळवेल.

नातवाबद्दल. झिपलाइनवाले वजन करतात, वय नुसतं विचारतात. हलकं मूल तारेच्या मध्यावर थांबू शकतं, मग गाईड येऊन ओढून नेतो. यात धोका नाही, पण मूल रडतं. वजन कमी भरलं तर त्याला गाईडबरोबर जोडीने सोडतील. जावयांनी पाहायचं ते असं : कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे घट्ट आहेत का, तारेला जोडणाऱ्या दोऱ्या दोन आहेत का, आणि मचाणावर उभं असतानाही त्यातली एक कायम अडकवलेली असते का. या शेवटच्या प्रश्नाला गाईड हसला तर परत फिरायचं.

किरकोळ : चष्म्याला दोरी. कानाचं यंत्र नावेत बसण्याआधी काढून कोरड्या डबीत. मंगळसूत्र आणि ओढणी गाडीत. लांब बाह्यांचा, चटकन वाळणारा शर्ट, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. मलेरियामुक्त देश असं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने बेलीझला २०२३ मध्ये दिलं आहे, पण डेंगीचे डास आहेतच. प्रवास विम्यात ‘साहसी खेळ’ वगळलेले नाहीत ना, ते बारीक अक्षरात वाचा. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही पाहा, कारण तुम्हाला ह्यूस्टनला परत यायचंय. बेलीझच्या प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याआधी त्यांच्या वकिलातीकडूनच विचारून घ्या. ओळखीतलं कुणी ‘आम्हाला काही लागलं नाही’ म्हणालं, त्यावर जाऊ नका.

प्रश्न : आम्ही क्रूझने जाणार आहोत. जहाज बेलीझ सिटीला एक दिवस थांबतं. हाच कार्यक्रम बसेल का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नाही बसणार. बेलीझचा किनारा उथळ आहे आणि समोर प्रवाळाची मोठी रांग, त्यामुळे मोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी तुम्हाला किनाऱ्यावर आणतात. त्यात वेळ जातो. तिथून शुनानतुनिच गाडीने दोन तासांहून जास्त, तेवढंच परत. उरलेल्या वेळात गुहा म्हणजे नुसती पळापळ.

त्यापेक्षा केव्ह्ज ब्रँच नदीवर जा. शहरापासून जवळ आहे, गुहांतून वाहणारी नदी आहे, टायरच्या ट्यूबवर बसून किंवा कयाकने जाता येतं आणि झिपलाइनही तिथेच आहे. अवशेषच पाहायचे असतील तर शहराच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर ‘अल्तून हा’ नावाचं ठिकाण आहे. १९६८ मध्ये तिथल्या उत्खननात जेड दगडात कोरलेलं एक मस्तक सापडलं, वजन जवळजवळ साडेचार किलो. बेलीझच्या नोटांवर ते दिसतं. खिशातली नोट काढून पाहा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. बेलीझमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, जहाजावर करत असतील. आणि स्वस्त मिळते म्हणून बाहेरची टूर घेतली तर उशीर झाल्यावर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, हे घरातल्या सगळ्यात काटकसरी माणसाला आधी समजावून सांगा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, दर रविवारी ट्रेकला जातो. आपल्याकडे कार्ले, भाजे, बेडसे, लोहगड असताना गुहा बघायला लाखो रुपये घालवून एवढ्या लांब का जायचं? सह्याद्रीत काय कमी आहे?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : कमी काही नाही, पण दगड वेगळा आहे. मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न आला की मला आवरत नाही.

कार्ले, भाजे ही लेणी आहेत, माणसाने छिन्नीने खोदलेली. सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हा थरावर थर साचून झालेला. बेलीझमधला तो भाग चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं. लाखो वर्षांत तिच्या भेगा रुंद होतात, नद्या जमिनीखाली जातात, वरून ठिबकणारं पाणी पुन्हा चुना साचवून लोंबते स्तंभ घडवतं. बेसॉल्ट असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे पाण्याने कोरलेल्या लांबच लांब गुहा नाहीत.

त्या लोंबत्या आणि उभ्या स्तंभांचा आणखी एक उपयोग आहे. त्यांच्या थरांत कुठल्या काळात पाऊस किती पडला याची नोंद राहते. दक्षिण बेलीझमधल्या योक बालुम गुहेतला असा एक स्तंभ कापून संशोधकांनी दोन हजार वर्षांचा पाऊस वाचला. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माया शहरं ओस पडत गेली त्या शतकांत पाऊस कमी होत गेला होता, असं त्यातून दिसतं. युद्धं होतीच, त्यात हे. शहरं ओस पडली म्हणून माया संपले असं मात्र म्हणू नकोस. त्यांचे लाखो वंशज आज ग्वाटेमाला, मेक्सिको आणि बेलीझमध्ये आहेत. शुनानतुनिचला तुला फिरवणारा गाईडही त्यांच्यातलाच असू शकतो.

तुझ्या ‘एवढ्या लांब’चंही सांगते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर एक लघुग्रह आदळला. चिक्शुलुबचं विवर म्हणतात ते हेच. त्या आघाताने उडालेल्या दगडगोट्यांचा थर उत्तर बेलीझमध्ये आल्बियन बेटावर सापडतो. आणि साधारण त्याच काळात इकडे आपला दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्यावर तू रविवारी चढतोस. डायनासोर कुणामुळे गेले, त्यांच्या दगडामुळे की आपल्या लाव्हामुळे, हा वाद माझ्या विद्यार्थिदशेपासून चालू आहे. पारडं आता बरंचसं त्यांच्या बाजूला झुकलंय.

लाखो रुपये नकोत तर आधी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला जा, पण या नजरेने. ते लेणं आठव्या शतकातलं. त्याच सुमारास शुनानतुनिचचा पिरॅमिड वर चढत होता. तिकडे दगडावर दगड रचून देवाला उंच नेत होते, इकडे पायाखालचा खडक खणत देवाकडे उतरत होते. बसचं भाडं दहा-वीस रुपये.

नैसर्गिक गुहाच हवी असेल तर आंध्रातली बेलम, सव्वातीन किलोमीटर लांब. तिकडेच अराकूजवळ बोरा, बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कुटुमसर. आणि मेघालय. तिथे सोहराजवळची मॉस्माई दिवे लावलेली, सोपी आहे. तिथल्या बाकीच्या गुहांत मात्र माहीतगार आणि साधनं घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कयाकचा सराव मुळशीला किंवा पवनेच्या जलाशयावर कर, आणि झिपलाइन कुठेही करताना त्या केंद्राची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते विचार. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती लागते.

प्रश्न : माया लोकांनी २०१२ मध्ये जग बुडणार असं सांगितलं होतं, ते चुकलं कसं? आणि त्यांचं कालगणनेचं आरंभवर्ष आपल्या कलियुगाच्या जवळ येतं असं वाचलं. काही संबंध?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : त्यांनी तसं सांगितलंच नव्हतं. त्यांच्या दीर्घगणनेत १,४४,००० दिवसांचा एक बाक्तुन. असे तेरा बाक्तुन २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास पूर्ण झाले आणि गणना पुढे चालू राहिली. आपल्याकडे संवत्सरांचं साठ वर्षांचं चक्र संपलं म्हणून कुणी गच्चीवर जाऊन बसत नाही.

त्या गणनेचा आरंभ आजच्या हिशेबाने ऑगस्ट ३११४ इसवी सनपूर्व येतो आणि कलियुगाचा परंपरेने फेब्रुवारी ३१०२. साडेअकरा वर्षांचं अंतर. योगायोग आहे, काका. दोन्हीकडच्या ज्योतिषांनी बसल्या जागेवरून मागे हिशेब करत नेऊन आरंभ ठरवला असावा. माया लोकही शून्य वापरत, वीसच्या पटीत मोजत आणि ग्रहणांचे तक्ते ठेवत, हे त्यांनी स्वतंत्रपणे केलं आणि तेच मला जास्त विलक्षण वाटतं. यावरून आपले लोक तिकडे गेले होते असं सिद्ध करणारा लेख मला कृपया पाठवू नका. आधीचेच कपाटात आहेत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. त्या जंगलात दिवसभर खायचं काय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : राजमा आणि भात, नारळाच्या दुधात एकत्र शिजवलेला. तिथलं रोजचं जेवण तेच आहे आणि चवीला फार छान. पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालण्याची पद्धत आहे आणि ते वरून दिसत नाही, तेव्हा ‘व्हेज आहे का’ असं न विचारता ‘शिजवताना मांस घातलंय का’ असं विचारा. देशाची राजभाषा इंग्रजी आहे, अडचण येणार नाही. न्याहारीला तळलेले फ्राय जॅक मिळतात, आपल्या पुरीचे लांबचे भाऊ. त्याबरोबर अंडं वगळून बीन्स आणि चीज मागा. टेबलावरच्या लालभडक बाटलीत हाबानेरो मिरची असते. कोल्हापूरचा असाल तरी पहिल्यांदा थेंबभरच घ्या. आणि गुहेत जाण्याआधी पोटभर खाऊ नका, नावेत आडवं व्हायचं असतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत ठेवा, ती गाडीत खा. गुहेत खायला काही न्यायचं नाही, सांडलेल्या कणांनी तिथले जीव बिघडतात.